चादरी वाळत घातल्यावर पाऊस का येतो

ओली चादर थेट नोंदवहीवर येऊन पडली. शाईने लिहिलेले दुपारचे आकडे फुगून पसरायला लागले तसे अंदाजेंनी घाईघाईने वही ओढून घेतली आणि वर पाहिले. समोर बायको उभी होती. केसांतून पाणी गळत होते, पायांतल्या चपला चिखलाने माखल्या होत्या.

"पिळून बघा," ती म्हणाली.

"अगं, हे ऑफिस आहे."

"म्हणूनच आले. घरी तुम्ही ऐकत नाही. पिळा."

एकतीस वर्षांच्या नोकरीत ती या खोलीत दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा आली होती ती घराची किल्ली हरवली म्हणून. अंदाजेंनी चादर उचलली, खिडकीबाहेर धरली आणि पिळली. अर्धा तांब्याभर पाणी सहज निघाले असते.

"अशा अठ्ठेचाळीस आहेत," ती म्हणाली. "दहा वाजता वाळत घातल्या. तीन वाजता हात लावला तर नुसत्या सर्द. म्हटलं अजून तासभर राहू देत, आणि धो धो आला. मेट्रनबाई गच्चीवर आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, मावशी, तुमचा नवरा हवामान खात्यात आहे ना हो? सगळ्या आया तोंडाला पदर लावून हसत होत्या."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? चादर उचलली आणि इकडे आले."

अंदाजे हे त्यांचे आडनाव नव्हते. खरे आडनाव पगारपत्रकात होते आणि तिथेच राहिले होते. गावाच्या कडेला हवामान खात्याचे हे छोटे केंद्र होते. एक खोली, तिच्यामागे तारेच्या कुंपणातले गवत, गवतात चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी, पाऊस मोजायचे भांडे आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा एक गंजका बाण. सकाळी साडेआठला, दुपारी अडीचला आणि संध्याकाळी साडेपाचला आकडे वाचायचे, वहीत लिहायचे आणि विभागीय कार्यालयाला कळवायचे, एवढेच त्यांचे काम. अंदाज ते देत नसत. अंदाज विभागीय कार्यालयातून यायचा. पण गल्लीत ते पटवून घ्यायला कोणी तयार नव्हते. कोणाच्या लग्नाचा मांडव भिजला, कोणाची पापडांची गच्ची धुऊन निघाली, की लोक यांच्याकडेच बघायचे. "काय हो, तुम्ही तर म्हणाला होतात कोरडं राहील." "मी काही म्हणालो नव्हतो, मी फक्त नोंद घेतो," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले होते की शेवटी शेवटी ते त्यांनाच सबबीसारखे वाटू लागले होते. पाऊस येईल का, असे कोणी विचारलेच तर ते बिचारे विभागीय कार्यालयाचा कागद वाचून दाखवत आणि वर "अंदाजे" असे जोडत. त्यावरून नाव पडले. आता पोस्टमनसुद्धा याच नावाने हाक मारायचा.

बायको गावातल्या प्रसूतिगृहात धुलाईचे काम बघायची. बाळांची रोजची दुपटी आतल्या व्हरांड्यात वाळायची. मोठे धुणे, म्हणजे चादरी, अभ्रे, पडदे, हे मात्र दोन-तीन दिवसांतून एकदा गच्चीवर पडायचे. दिवस तिने ठरवायचा. गेल्या दोन महिन्यांत तिने ठरवलेल्या दिवशी हमखास पाऊस यायचा, आणि आता विश्वस्त म्हणायला लागले होते की धुलाईचे काम बाहेर ठेक्याने द्यावे.

त्या संध्याकाळी चहा पुढे ठेवून ती म्हणाली, "मला एकच सांगा. मी चादरी वाळत घातल्या की पाऊस का येतो?"

"असं काही नसतं."

"येतो तर आहे."

"तुझ्या लक्षात तेवढेच दिवस राहतात. कोरडे गेलेले दिवस कोणी लक्षात ठेवत नाही. हा मनाचा खेळ आहे."

"मनाचा खेळ पिळला की पाणी निघत नाही," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

अंदाजेंना राग आला. राग बायकोचा नव्हता, प्रश्नाचा होता. जगात विचारण्यासारखे हजार प्रश्न असताना, आकड्यांत आयुष्य घातलेल्या माणसाला घरात हा प्रश्न विचारला जावा, हे त्यांना लागले. त्यांनी ठरवले, याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा. आतल्या खोलीच्या दारात जाऊन ते म्हणाले, "तुझ्या धुलाईची वही असते ना? मोठ्या धुण्याच्या तारखा त्यात असतील. रविवारी घेऊन ये. मी माझी आणतो. दोन्ही शेजारी ठेवू आणि बघू."

रविवारी तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणली. जेवणाच्या टेबलावर दोन्ही वह्या उघडल्या गेल्या. ती तारीख वाचायची आणि ते स्वतःच्या वहीत त्या दुपारचा पाऊस बघायचे.

"चौदा तारीख. मोठं धुणं."

"चौदा... सहा मिलिमीटर."

"सतरा. मोठं धुणं."

"सतराला... नऊ."

"वीस."

अंदाजेंनी चष्मा काढून पुसला. "वीसला काही नाही. बघ, म्हटलं नव्हतं?"

"वीसला कपडे धुवायचं यंत्र बिघडलं होतं. चादरी वाळत घालायला दुपारचे चार वाजले," ती म्हणाली. "तेवीस."

"तेवीसला बारा."

साठ दिवस संपले तेव्हा अंदाजेंसमोरचा कागद चार रकान्यांत भरला होता. मोठ्या धुण्याचे दिवस चोवीस, त्यांतल्या सतरा दिवशी दुपारी पाऊस. धुणे नसलेले दिवस छत्तीस, त्यांतल्या अकरा दिवशी पाऊस. त्यांनी दोनदा बेरीज केली. शेकड्यात सांगायचे तर एकीकडे एकाहत्तर आणि दुसरीकडे एकतीस. हा फरक मनाचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. एवढ्या फरकावर औषधे बाजारात येतात.

मग त्यांनी विभागीय कार्यालयाचे त्या साठ दिवसांचे अंदाज काढले. साठही दिवस एकच वाक्य होते. तुरळक ठिकाणी हलक्या सरींची शक्यता.

"म्हणजे माझ्या दोऱ्या तुमच्या खात्यापेक्षा बऱ्या," बायको म्हणाली. ती हसली नाही. तिने वही परत पिशवीत घातली आणि पिशवीचे तोंड नीट दुमडले.

वरच्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहायचे. त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवले होते आणि आता शिकवायला कोणी उरले नव्हते. त्यांना हा कागद दाखवावा की नाही यावर अंदाजेंनी दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी दाखवला. मास्तरांचे डोळे चमकले.

"बाष्पीभवन," ते म्हणाले. "चादरींतलं पाणी हवेत जातं, त्याचा ढग होतो आणि तोच खाली येतो. आधी हे खोडून काढू."

दोघांनी बसून हिशेब मांडला. धुतलेल्या चादरीचे वजन अंदाजेंनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले होते. यंत्रातून निघाल्यावर तिच्यात सहाशे ग्रॅम पाणी असते. अठ्ठेचाळीस चादरींचे झाले एकोणतीस लिटर. गावाचे क्षेत्रफळ चार चौरस किलोमीटर धरले आणि सर पाच मिलिमीटरची, तर पडणारे पाणी दोन कोटी लिटर.

"सात लाख पटींचा फरक," मास्तर समाधानाने म्हणाले. "चादरी निर्दोष आहेत."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे थोडा तरी हातभार आहेच."

मास्तरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. "आता खरा प्रयोग," ते म्हणाले. "दिवस वहिनींनी ठरवायचा नाही. नाण्यानं ठरवायचा. छापा पडला की चादर वाळत घाला, काटा पडला की घालू नका. वीस दिवस. चादरीत काही गुण असेल तर कळेल."

"दवाखान्यातली धुणी नाण्यावर नाही चालायची," बायको म्हणाली. "तिथं बायका बाळंत होतात."

"मग घरच्या गच्चीवर करू. घरची चादर."

"घरच्या चादरीनं कधी पाऊस आलाय का?"

या मुद्द्यात तथ्य होते. प्रयोग करायचा तर चादर प्रसूतिगृहाचीच हवी. म्हणून अंदाजे स्वच्छ शर्ट घालून मेट्रनबाईंकडे गेले. मेट्रनबाई फार कामात होत्या. त्यांच्या टेबलावर तीन रजिस्टरे उघडी होती आणि खांद्यावर टेलिफोन दाबून धरलेला होता.

"एक चादर हवी होती," अंदाजे म्हणाले. "वीस दिवसांसाठी."

"घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही. प्रयोगासाठी."

"कसला प्रयोग?"

अंदाजेंनी सांगायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला आणि ते थांबले. मेट्रनबाईंनी टेलिफोन खाली ठेवला. जराही न हसता त्यांनी शिपायाला फाटकी चादर आणायला सांगितली. न हसणे जास्त वाईट होते.

वीस दिवस अंदाजे सकाळी साडेनऊला, आकडे कळवून झाले की घरी यायचे, गच्चीवर जायचे, नाणे उडवायचे आणि छापा असला तर चादर भिजवून, पिळून दोरीवर टाकायचे. मास्तर साक्षीदार म्हणून उभे राहायचे. चौथ्या दिवसापासून शेजारच्या गच्चीवरून लोक बघायला लागले. सहाव्या दिवशी शिंप्याने विचारले, आज काय पडलं, छापा की काटा, म्हणजे मी कापड भिजत घालतो. आठव्या दिवशी दुकानात वाणी म्हणाला, "काय अंदाजे, आता नाण्यावर चालतंय का खातं?"

"तो अंदाज नाही, प्रयोग आहे," अंदाजे म्हणाले.

"तेच ते."

घरी आल्यावर त्यांनी पिशवी आपटली. बायको म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं चारचौघांत करायला?"

"तूच विचारलंस ना."

"मी विचारलं. तुम्ही नाही म्हणून मोकळं व्हायचं होतं. नेहमी होता तसं."

वीस दिवस झाले. छापा अकरा वेळा पडला, त्यांत पाऊस पाच दिवशी. काटा नऊ वेळा, त्यांत पाऊस चार दिवशी. पंचेचाळीस आणि चव्वेचाळीस. फरक शून्य म्हणायला हरकत नव्हती. मास्तरांनी अंदाजेंशी हात मिळवला. अंदाजे खुशीत खाली आले आणि बायकोला कागद दाखवला.

"बघ. सिद्ध झालं. चादरीचा पावसाशी काही संबंध नाही. नाण्यानं दिवस ठरवला की पाऊस वाट्टेल तसा येतो."

तिने दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवले. "म्हणजे मी ठरवला की येतो. नाण्यानं ठरवला की येत नाही."

"तसं नाही..."

"तसंच लिहिलंय की. चादरीत दोष नाही. मग माझ्यात आहे." ती अगदी सरळ आवाजात बोलत होती. "तिथं दोघी-तिघी म्हणतातच. मावशी गच्चीवर चढल्या की आभाळ भरतं म्हणून. परवा एका पेशंटच्या सासूनं मला सुनेच्या खाटेची चादर बदलू दिली नाही. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा म्हणाली. मला वाटलं, तुम्ही काहीतरी शोधून काढाल."

अंदाजेंनी कागदाची घडी घातली. हे तिने त्यांना आधी सांगितले नव्हते. आणि गच्चीवर नाणी उडवत असताना, आपण प्रश्नाचे उत्तर शोधतो आहोत की बायकोला गप्प करतो आहोत, हे त्यांनीही स्वतःला विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांनी नोंदवही पुन्हा उघडली. या वेळी पावसाचा रकाना हाताने झाकला आणि तिच्या चोवीस दिवसांच्या फक्त सकाळच्या नोंदी बघितल्या. आकाश निरभ्र. निरभ्र. निरभ्र. वारा नाही. वारा नाही. मंद. मग कोरडा आणि ओला तापमापक. पांढऱ्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात, त्यांतल्या एकाच्या टोकाला ओली चिंधी बांधलेली असते. हवा कोरडी असली की चिंधीतले पाणी भराभर उडते आणि तो तापमापक थंड पडतो. हवा दमट असली की दोघांत फरकच राहत नाही. चोवीसपैकी एकवीस दिवशी सकाळी दोघांत दोन अंशांचासुद्धा फरक नव्हता.

हे सगळे आकडे त्यांच्याच अक्षरात होते. रोज सकाळी त्यांनीच लिहिले होते, कळवले होते आणि पान उलटले होते. विभागीय कार्यालयाने ते वाचले नाहीत म्हणून एकतीस वर्षे ते कुढत आले होते. त्यांनी स्वतः तरी कुठे वाचले होते.

ते अर्धा दिवस रजा टाकून घरी गेले. बायकोची दुपारची सुटी होती. ती पायाला तेल चोळत बसली होती.

"मला एक सांग. मोठं धुणं आज काढायचं, हे तू कशावरून ठरवतेस?"

"कशावरून म्हणजे? सकाळी बघते. लख्ख ऊन असलं, आभाळात ढगाचं नाव नसलं, सातलाच घाम फुटायला लागला, की म्हणते आज कडक ऊन पडणार. काढते चादरी."

"आणि वारं?"

"वारं नसलं तर बरंच. चादरी दोरीवरून उडून शेजारच्या गच्चीवर जातात."

अंदाजे तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "तसाच दिवस पावसाचा असतो. सकाळी हवेत पाणी भरलेलं असतं म्हणून घाम येतो. वर ढग नाही म्हणून ऊन जमिनीला थेट तापवतं. दुपारपर्यंत ती दमट हवा तापून वर चढते, तिचा ढग होतो आणि तो तीन वाजता खाली येतो. तुझ्यामुळे पाऊस येत नाही. तू आणि पाऊस, दोघं एकच सकाळ बघून ठरवता."

ती तेलाचा हात तसाच धरून ऐकत होती.

"आणि अशा हवेत चादरी वाळतही नाहीत," ते म्हणाले. "ऊन असलं तरी. हवेलाच तहान नसते. त्या दिवशी तीन वाजता तुला सर्द लागल्या, ते यामुळे. आमच्या पेटीत एक चिंधी असते ओली, ती वाळते किती, त्यावरून कळतं."

"म्हणजे तुमच्याकडे पण धुणं आहेच की."

"आहे. एकतीस वर्षं वाळत घातलंय."

"मग मी चादरी कधी काढू? ऊन नसेल तेव्हा?"

"आभाळ पांढुरकं असेल, वारा असेल, ओठ कोरडे पडत असतील, तेव्हा. चिमटे जास्त लाव."

"मेट्रनबाई मला वेड्यात काढतील," ती म्हणाली. पण तिने पुन्हा पायाला तेल लावायला सुरुवात केली ती जरा हलक्या हाताने.

मेट्रनबाईंनी वेड्यात काढलेच. नव्या पद्धतीच्या दुसऱ्याच दिवशी लख्ख सूर्य उगवला आणि गच्ची रिकामी. मेट्रनबाई वर येऊन म्हणाल्या, "मावशी, असं ऊन वाया घालवता? काल मळभ होतं तर दोऱ्या भरलेल्या होत्या."

"काल वाळल्या ना, बाई?"

"वाळल्या. पण आज आणखी छान वाळल्या असत्या."

"आज नाही वाळायच्या."

"कोण म्हणतं?"

बायकोने क्षणभर विचार केला. "मी म्हणते," ती म्हणाली.

सव्वातीनला सर आली. मेट्रनबाई व्हरांड्यात उभ्या राहून रिकाम्या दोऱ्यांवर पडणारे पाणी बघत होत्या, असे एका आयेने येऊन सांगितले. पुढच्या अठरा दिवसांत मोठे धुणे नऊ वेळा पडले आणि पाऊस त्यांतल्या एकाच दिवशी आला, तोही चिमटे काढायला वेळ देऊन. पेशंटच्या सासवा बदलत राहतात, पण आया त्याच होत्या. त्यांच्यातली एक सकाळी जिन्यात थांबून विचारू लागली, मावशी, आज माझं घरचं धुणं काढू का.

अंदाजेंनी त्या दिवसांत चार पानांचा अहवाल लिहिला. दुपारच्या सरी आणि सकाळची स्थिती, असे त्याला नाव दिले. मास्तर म्हणाले, चादरींचा उल्लेख गाळा, हसतील. अंदाजेंनी रात्रभर विचार करून तो ठेवला. निरीक्षण जिचे, तिचा उल्लेख न करणे त्यांना बरोबर वाटेना. 'स्थानिक प्रसूतिगृहाच्या धुलाई विभागाच्या नोंदींवरून' असे पहिल्याच ओळीत लिहून त्यांनी अहवाल विभागीय कार्यालयाला पाठवला. मग रोज टपालाची वाट बघितली. साधे 'मिळाले' असे जरी आले असते तरी त्यांना चालले असते.

उत्तर आले ते खाकी लिफाफ्यात, एका पानाचे. चादर हे मान्यताप्राप्त उपकरण नाही. कार्यालयीन नोंदवहीचा घरगुती कामासाठी वापर झाला असल्यास सात दिवसांत लेखी खुलासा करावा. तसेच सदर केंद्रावर लवकरच स्वयंचलित यंत्र बसवण्यात येत असून, विद्यमान निरीक्षकांच्या निवृत्तीनंतर पद भरले जाणार नाही, याची नोंद घ्यावी.

अंदाजेंनी ते तीनदा वाचले. खुलासा लिहायला त्यांना पाच दिवस लागले. पहिले चार खर्डे रागाचे होते. एकात त्यांनी साठ दिवस एकच वाक्य छापणाऱ्या माणसाचे नाव विचारले होते. ते चारही फाडून त्यांनी पाचव्यात एवढेच लिहिले: नोंदवहीचा वापर ती वाचण्यासाठी झाला. खाली सही केली, तारीख घातली, जावक क्रमांक टाकला.

ते लिफाफा टाकून घरी आले तेव्हा बायको नेहमीच्या आधी आलेली होती.

"काय गं, आज लवकर?"

"ठेका दिला," ती म्हणाली. "एक तारखेपासून गाडी येणार, धुणं घेऊन जाणार. ते यंत्रातच वाळवतात म्हणे. मला भांडारात बसवणार आहेत, आलेल्या चादरी ताब्यात घ्यायला."

"पण आता तर वाळताहेत. मेट्रनबाईंनी सांगितलं नाही का त्यांना?"

"त्यांनीच मला बोलावून सांगितलं. म्हणाल्या, मावशी, खरं सांगते, तुमच्या चादरी महिनाभर कोरड्या खणखणीत येताहेत. पण सह्या मागच्याच महिन्यात झाल्या होत्या. तेव्हा ओल्या होत्या." तिने पदराने कपाळ पुसले. "वाईट वाटलं त्यांना. खुर्चीत बस म्हणाल्या मला."

अंदाजेंना पुष्कळ बोलायचे होते. विश्वस्तांना भेटता येईल, आकडे दाखवता येतील, दहांत सात दिवस पाऊस आणि दहांत एक दिवस, यांतला फरक कोणालाही कळेल. ते बोलले देखील. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "आकडे तुम्ही मला दाखवलेत. बास झालं."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी केंद्रावर दोन माणसे आली आणि गवतात एक लोखंडी खांब उभा करून गेली. अंदाजेंनी साडेआठचे आकडे नेहमीसारखे वाचले. आभाळ दुधाळ होते, पश्चिमेकडून कोरडे वारे सुटले होते आणि दोन तापमापकांत साडेसहा अंशांचा फरक होता. अडीचचे आकडे कळवून त्यांनी खोलीला कुलूप लावले आणि ते प्रसूतिगृहाकडे निघाले.

तिथल्या गच्चीवर ते पहिल्यांदाच चढत होते. जिना अरुंद होता आणि शेवटच्या पायऱ्या उंच होत्या. वर अठ्ठेचाळीस चादरी एकाच वेळी फडफडत होत्या. त्यांच्या आवाजात खालचे बाळाचे रडणे मधूनच ऐकू यायचे आणि बुडून जायचे. दोऱ्यांच्या पलीकडे बायको चिमटे काढून ओच्यात टाकत होती. त्यांना बघून ती जवळ आली. एका चादरीची दोन टोके त्यांच्या हातात दिली.

"ताणून धरा," ती म्हणाली. "मी झटकते."

तिने झटकली. वाऱ्याने चादर मध्येच फुगली आणि अंदाजेंच्या हातातले एक टोक सुटले.

"अहो, घट्ट. अंगठ्याखाली धरा असं."

त्यांनी अंगठ्याखाली धरले. मग ती चालत त्यांच्याकडे आली, तिची टोके त्यांच्या टोकांना लावली, खाली लोंबणारी घडी उचलली आणि पुन्हा मागे गेली. पहिल्या चार-पाच चादरींच्या कडा वाकड्या आल्या, त्या तिने परत उघडायला लावल्या. नंतर जमले. दोघे मागे सरत होते आणि पुढे येत होते. घडी झाली की बायको ती गालाला लावून बघायची आणि मग ढिगावर ठेवायची.

"ही शिवणीला दमट आहे," एकदा ती म्हणाली, आणि ती चादर परत दोरीवर टाकली. तिच्यासाठी दोघे अर्धा तास कठड्याला टेकून थांबले.